होळकर स्टेडियमवर बंदोबस्त किती असावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला सामना जाहीर झाला की राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरू लागतात. नाणी चालतात का, बाटली नेऊ देतात का, आणि त्याच्या मागोमाग एखादे काका हमखास लिहितात, ‘क्रिकेट बघायला जातोय की जेलमध्ये?’ व्यवहाराचे प्रश्न आणि काकांचा प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत. रेसकोर्स रोडवरच्या रांगेत उभं राहिलं की ते वेगळे राहत नाहीत.

एवढा बंदोबस्त खरंच लागतो का?

लागतो. 3 मार्च 2009 ला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघाची बस गद्दाफी स्टेडियमकडे जात असताना तिच्यावर गोळीबार झाला. त्यात आठ जण मारले गेले, खेळाडू जखमी झाले आणि पाकिस्तानातलं आंतरराष्ट्रीय क्रिकेट पुढे कित्येक वर्षं जवळपास बंद पडलं. 17 एप्रिल 2010 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएलच्या सामन्याआधी दोन स्फोट झाले, माणसं जखमी झाली, तरी तासाभराच्या उशिराने सामना झाला. मे 2025 मध्ये देशातल्या अनेक मैदानांना धमकीचे ईमेल आले, त्यात आपलं होळकरही होतं. तेव्हा ‘आपल्या इंदुरात काय होणारे’ हे म्हणणं सोडून द्यावं.

पण आता दुसरी यादी वाचा. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, 16 ऑगस्ट 1980: ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या फुटबॉल सामन्यात 16 मृत्यू. इंग्लंडमधलं हिल्सबरो, 15 एप्रिल 1989: 97 मृत्यू. इंडोनेशियातलं कंजुरुहान, 1 ऑक्टोबर 2022: 135 मृत्यू. पुन्हा चिन्नास्वामी, 4 जून 2025, बंगळुरूच्या आयपीएल विजयाचा जल्लोष: 11 मृत्यू. यातल्या एकाही ठिकाणी बाँब नव्हता, अतिरेकी नव्हता. माणसं गर्दीत दबून, गुदमरून मेली. मैदानावरचा मोठा घात बहुतेक वेळा दारातच होतो, आणि आपला बंदोबस्त मात्र सगळं लक्ष खिशावर ठेवून असतो. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहेत.

मग ‘योग्य’ म्हणजे किती पोलीस? काही आकडा आहे का?

पोलिसांचा आकडा विचारूच नका. वर्तमानपत्रात ‘हजार जवान तैनात’ असं छापून आलं की आपल्याला बरं वाटतं, पण त्यातले किती गेटवर आहेत, किती गाड्यांच्या ताफ्यासाठी आहेत आणि किती सीमारेषेजवळ पाठमोरं उभं राहून चोरून सामना बघतायत, हे त्या आकड्यातून कळत नाही.

त्याऐवजी हिशेब असा करा. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी ‘ग्रीन गाइड’ नावाची मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार एका फिरत्या दरवाजातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं आत जातात असं धरायचं. ही गती तिकीट दाखवून सरळ आत जाण्याची झाली, आपल्याकडे त्यात अंगझडती येते. होळकरला जवळपास 30,000 माणसं बसतात. एका माणसाच्या झडतीला 10 सेकंद लागले, तर एका रांगेतून तासाला 360 जण आत जातील. गेट सामन्याच्या अडीच तास आधी उघडलं आणि लोक अगदी शहाण्यासारखे सारख्या अंतराने आले, तरी झडतीच्या 33-34 रांगा लागतात. आता ‘कडक तपासणी’चा आदेश आला आणि 10 चे 20 सेकंद झाले, तर रांगा 67 हव्यात. पण रांगा तेवढ्याच राहतात. मग वाढलेली माणसं कुठे जातात? रस्त्यावर, जंजीरवाला चौराह्याच्या दिशेने, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून.

आणि लोक सारख्या अंतराने कधीच येत नाहीत. संध्याकाळी सातचा सामना म्हटलं की निम्मं इंदूर ऑफिसातून सुटून, वाटेत कचोरी खाऊन, साडेसहाला गेटवर उगवतं.

म्हणून प्रत्येक माणसामागे तपासणी दुप्पट करायची असेल तर दारंही दुप्पट करा. दारं वाढवता येत नसतील तर तपासणी नेमकी करा: पिशव्यांची रांग वेगळी, हात हलवत आलेल्यांची वेगळी. एवढं केलं तरी पुष्कळ गाडं पुढे सरकतं.

पण ढिलाई केली आणि काही झालं तर?

हा प्रश्न एकाच मैदानाच्या दोन रात्रींवरून समजतो. पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स. 13 नोव्हेंबर 2015 ला फ्रान्स-जर्मनी सामना चालू असताना आत्मघाती हल्लेखोर स्टेडियमपाशी आले. त्यांचे स्फोट बाहेर झाले. हल्लेखोरांखेरीज तिथे एकाचा जीव गेला, आत हजारो प्रेक्षक सुखरूप राहिले. दारावरची सुरक्षा अशासाठीच असते.

त्याच मैदानावर 28 मे 2022 ला लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलचे प्रेक्षक अरुंद वाटेवर अडकले, काही दारं बंद पडली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने 2023 मध्ये मुख्य जबाबदारी युएफावरच टाकली आणि कोणी मेलं नाही हे नशीब, अशा अर्थाचा शेरा मारला. त्या रात्री पोलीस कमी नव्हते. तिकीट काढून आलेल्या माणसाकडे ते दंगेखोर म्हणून बघत होते, तिथे गडबड झाली.

कंजुरुहानला तर पोलिसांनी स्टँडकडे अश्रुधूर सोडला. लोक बाहेर पळाले तेव्हा दारं अरुंद, काही पूर्ण उघडलेलीच नव्हती. मैदानात असा धूर वापरू नये, बरोबर बाळगूही नये, असं फिफाच्या नियमांत आधीपासून लिहिलेलं होतं.

2024 ला होळकरवर एक पोरगा विराटपर्यंत पोचला. जाळी उंच का करत नाहीत?

14 जानेवारी 2024, अफगाणिस्तानविरुद्धचा टी-20. तिकीट काढून आलेला एक तरुण जाळी ओलांडून मैदानात शिरला, विराट कोहलीच्या पाया पडला, त्याला मिठी मारली. पोलिसांनी त्याला बाहेर काढलं आणि प्रकरण तुकोगंज ठाण्यात गेलं. त्याआधी दोनच महिने, 19 नोव्हेंबर 2023 ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादलाही हेच घडलं होतं, तिथे राजकीय घोषणा लिहिलेला टी-शर्ट घालून एक परदेशी माणूस थेट खेळपट्टीवर पोचला.

यावर ‘जाऊ दे, प्रेम आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना 30 एप्रिल 1993 चं हॅम्बर्ग आठवत नसतं. टेनिसच्या सामन्यात विश्रांतीसाठी खुर्चीवर बसलेल्या मोनिका सेलेसच्या पाठीत प्रेक्षकांतून आलेल्या एका माणसाने सुरी खुपसली, कारण तो तिच्या प्रतिस्पर्ध्याचा चाहता होता. सेलेस दोन वर्षांहून जास्त काळ खेळली नाही. पळत येणाऱ्या माणसाच्या हातात हार आहे की सुरी, हे तो जवळ पोचेपर्यंत कळत नाही.

पण उत्तर उंच जाळी नव्हे. हिल्सबरोमध्ये माणसं ज्याला चिरडून मेली ते स्टँडपुढचं लोखंडी कुंपणच होतं. मागून लोंढा येत होता आणि पुढे मैदान रिकामं होतं, पण तिथे जायला वाट नव्हती. त्यानंतर इंग्लंडने अशी कुंपणं काढली, आणि मैदानात घुसणं 1991 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. भिंतीऐवजी शिक्षा, असा तो बदल होता.

आपल्याकडे जाळी लगेच जाईल असं मला वाटत नाही, आणि उद्याच काढा असं मी म्हणणारही नाही. पण जाळीत दर थोड्या अंतरावर मैदानाकडे उघडणारं फाटक हवं, त्यापाशी माणूस हवा, आणि किल्ली त्या माणसाच्या खिशात हवी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. आणि सीमारेषेवरच्या जवानाचं तोंड प्रेक्षकांकडे हवं. ते शेवटच्या पाच षटकांत फिरतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

नाणी, बाटली, पॉवर बँक, हेल्मेट?

चारही घरी ठेवा. किंवा हेल्मेट आणायचंच असेल तर गाडीला कुलूप लावून अडकवा. नेमकी यादी तिकिटाच्या अटींमध्ये असते, ती प्रत्येक सामन्याला थोडी बदलते, त्यामुळे घरून निघण्याआधी वाचा. बॅग, लायटर, सिगारेट, परफ्यूमची बाटली, सेल्फी स्टिक, काठीवाला झेंडा, बाहेरचं खाणं हे साधारण सगळीकडे बंद असतं.

नाण्यांवरून भांडण नेहमीचं आहे. गेटवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं असतं, त्यात लोक दहा-दहाची नाणी टाकत पुढे सरकतात. कोणी पावती देत नाही, परत मिळण्याचा प्रश्नच नाही. दहा-वीस रुपयांसाठी कोण भांडणार, म्हणून सगळे गप्प. नाणी अडवण्यामागे कारण मात्र आहे. मैदानात वस्तू फेकण्याची आपली परंपरा जुनी आहे. 13 मार्च 1996 ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी बाटल्या फेकण्यामुळे आणि स्टँडमध्ये पेटवलेल्या आगीमुळे थांबवावी लागली आणि सामना श्रीलंकेला देण्यात आला.

पाण्याचं मात्र मला अजिबात पटत नाही. बाटली काढून घ्यायची असेल तर आत फुकट आणि पुरेसं पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये इंदूरला पारा चाळिशीला टेकतो, आणि आत पाण्याच्या ग्लासाला बाहेरच्या बाटलीएवढे पैसे पडतात. तहानेने चक्कर येऊन पडलेल्या माणसाची गणना सुरक्षेत होत नाही, पण झाली पाहिजे. अमेरिकेत तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने 2013 पासून पारदर्शक पिशवीचा नियम आणला. ठरावीक मापाची, आरपार दिसणारी पिशवी न्यायची, दुसरी मोठी पिशवी नाही. झडतीचा वेळ वाचतो, आणि डायपर कुठे ठेवू हा आईचा प्रश्नही सुटतो. आपल्याकडे हे करायला पैसा लागत नाही.

बायकांच्या रांगेला नेहमी जास्त वेळ का लागतो?

कारण बायकांची झडती बाईनेच घ्यायची असते, शालीनता पाळून, आणि तेवढ्या महिला पोलीस किंवा गार्ड नेमलेल्या नसतात. पुरुषांच्या सात रांगा आणि बायकांची एक, हे चित्र बदललेलं नाही. कनातीच्या आडोशाला एकच बाई उभी असते. ती पर्समधून लिपस्टिक, सेफ्टी पिन, औषधाची पाकिटं एकेक करून बाहेर काढते, मागे दीडशे जणी ताटकळत असतात, आणि नवरा पलीकडून फोन करून विचारतो, ‘अजून किती वेळ?’

होळकरवर ऑक्टोबर 2025 मध्ये महिला विश्वचषकाचे पाच सामने झाले, त्यांत भारत-इंग्लंडचाही होता. आता मुली मैत्रिणींच्या घोळक्याने मॅच बघायला येतात, आजीला घेऊन येतात. रांगांचं प्रमाण विकल्या गेलेल्या तिकिटांवरून ठरवता येतं, नाही का? तिकीट काढताना नाव भरून घेताच की.

खासगी गार्ड माझी झडती घेऊ शकतो का?

तुमच्या संमतीने, हो. तिकिटाच्या अटी तुम्ही मान्य केलेल्या असतात, त्यात झडती येते. नकार दिलात तर तो तुम्हाला आत सोडणार नाही, एवढाच त्याचा अधिकार. हात उगारणं, डांबून ठेवणं, फोन उघडून फोटो बघणं यातलं काहीही त्याला करता येत नाही. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात परवाना लागतो, गार्डला प्रशिक्षण लागतं, आणि पोलीस किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेश घालायला बंदी आहे. प्रत्यक्षात सामन्याच्या दिवशी पिवळं जॅकेट चढवलेला, सकाळीच भरती झालेला पोरगा असतो. त्याला गेट नंबर चार कुठे विचारलंत तर तोच तुम्हाला विचारतो. त्याच्यावर चिडू नका. त्याला कोणी नकाशा दिलेला नसतो.

व्हीआयपींना झडती का नाही?

नियमाने सगळ्यांना आहे. व्यवहारात गाडीवर स्टिकर असेल तर नाही.

पासांचं प्रकरण इंदूरला चांगलंच माहीत आहे. 24 ऑक्टोबर 2018 चा भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना होळकरवरून विशाखापट्टणमला गेला तो फुकट पासांच्या वाटपावरून मध्य प्रदेश क्रिकेट संघटना आणि बीसीसीआय यांच्यात जुळलं नाही म्हणून. सुरक्षेशी त्याचा संबंध असा की पासवाला माणूस खुर्चीवर मोजला जातो, गेटवर नाही. तो सोबत दोघांना आणतो. तो मधल्या वाटेत उभा राहतो, जी वाट कायम मोकळी हवी. आणि त्याला उठवायला कोणी धजत नाही.

याचं टोक 13 डिसेंबर 2025 ला कोलकात्यात दिसलं. लिओनेल मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर आला, पण त्याच्याभोवती मान्यवरांचं एवढं कडं होतं की हजारो रुपये मोजून आलेल्यांना तो नीट दिसलाच नाही, आणि तो लवकर निघूनही गेला. मग खुर्च्या उखडल्या गेल्या, बाटल्या उडाल्या, लोक मैदानात घुसले, आयोजकाला अटक झाली. तोडफोडीचं समर्थन नाही. पण तिथली पहिली शिस्त व्यासपीठावरच्या लोकांनी मोडली होती.

ग्वाल्हेरला 2024 मध्ये जमावबंदी लावली होती. ते जास्त नव्हतं का?

6 ऑक्टोबर 2024 ला ग्वाल्हेरच्या नव्या स्टेडियमवर बांगलादेशविरुद्ध टी-20 होता. शहरात 14 वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना, आणि त्याच दिवशी एका संघटनेने विरोध म्हणून बंद पुकारला होता. प्रशासनाने जमावबंदी लावली, अडीच हजारांहून जास्त पोलीस उतरवल्याचं छापून आलं. सामना शांततेत झाला. भारताने 128 चं लक्ष्य 11.5 षटकांत गाठलं, त्यामुळे पोलिसांची ड्यूटीही लवकर सुटली असावी.

माझ्या मते ते जास्त नव्हतं, कारण धोका समोर दिसत होता आणि उघडपणे जाहीर केलेला होता. अशा वेळी दोन्ही हातांनी बंदोबस्त करावा. माझा आक्षेप वेगळा आहे. अशा सामन्यासाठी लावलेली कडक पद्धत पुढच्या साध्या सामन्यालाही तशीच चालू राहते, ती कमी कोण करणार? एकदा आलेला नियम मागे घ्यायला सही करणारा अधिकारी सापडत नाही. रणजी सामन्याला दोनशे प्रेक्षक असतात, तिथेही आजोबांची सुपारीची डबी उघडून बघतात.

खेळाडूंना एवढं संरक्षण, तरी इंदूरला ते प्रकरण झालंच ना?

झालं, आणि ते मैदानापासून लांब झालं. ऑक्टोबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन महिला खेळाडू हॉटेलमधून चालत कॅफेकडे निघाल्या असताना मोटारसायकलवरच्या एका माणसाने त्यांचा पाठलाग करून एकीचा विनयभंग केला. पोलिसांनी त्याला पकडलं. त्यानंतर राज्यातल्या एका मंत्र्याने खेळाडूंनीही बाहेर पडताना कळवायला हवं होतं, अशा अर्थाचं विधान केलं. ते ऐकून इंदुरातल्या पुष्कळ बायकांना नवल वाटलं नाही, राग आला. भरदिवसा रस्त्यावरून दोन मुली कॅफेत जाऊ शकत नसतील तर स्टेडियमच्या आत किती मेटल डिटेक्टर आहेत याचं कौतुक काय करायचं? त्याच रस्त्याने सामना संपल्यावर रात्री आपल्या मुली रिक्षा शोधत असतात.

चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले तर रांगा कमी होतील?

थोड्या होतील. पण झडती कॅमेरा घेत नाही, ती हातानेच घ्यावी लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो. चेहऱ्याची माहिती कोण ठेवणार, किती दिवस ठेवणार, चुकून भलत्यालाच पकडलं तर दाद कुठे मागायची, ही उत्तरं मिळाल्याशिवाय मी तरी हरकत घेईन. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. पॅरिस ऑलिंपिकसाठी फ्रान्सने 2023 मध्ये केलेल्या कायद्यात गर्दीवर नजर ठेवणारे संगणकीय कॅमेरे चालतील, पण चेहरे ओळखायचे नाहीत, अशी रेघ मारली होती. कुठल्या स्टँडमध्ये गर्दी घट्ट होतेय हे कॅमेऱ्याने सांगावं, ते फार उपयोगाचं आहे. त्यात कोण बसलंय हे सांगायची गरज नाही.

बंदोबस्ताचा खर्च कोण देतं?

आयोजक संघटनेने पोलिसांना शुल्क भरायचं, अशी पद्धत आहे. ते वेळेवर भरलं जातं का, हा वेगळा विषय. महाराष्ट्रात सरकारने 2023 मध्ये हे शुल्क कमी केलं, थकबाकीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. एवढा पैसा असलेल्या खेळाला सवलत कशासाठी, हे मलाही कळलेलं नाही.

पूर्वी नेहरू स्टेडियमवर कुठे होतं हे सगळं?

नव्हतं, आणि काही बाबतींत ते नशिबावर चाललेलं होतं. 25 डिसेंबर 1997 ला इंदूरच्याच नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका सामना खेळपट्टी धोकादायक म्हणून तीन षटकांतच रद्द झाला. नाताळची सुट्टी, भरलेलं मैदान, आणि खेळ संपला असं जाहीर करायचं. लोक बिथरू नयेत म्हणून मग एक प्रदर्शनी सामना खेळवला गेला. लाठीपेक्षा हा उपाय चांगला होता. गर्दीला काहीतरी द्यावं लागतं, निदान माहिती तरी.

माहितीचं असं की आपल्याकडे ध्वनिक्षेपक जाहिरातींना आणि गाण्यांना वाहिलेला असतो. 8 मे 2025 ला धरमशालेत पंजाब-दिल्ली सामना मधेच थांबला, सीमेवरच्या तणावामुळे मैदान रिकामं करावं लागलं. कुठेही चेंगराचेंगरी झाली नाही. हिंदीतून साधी, शांत सूचना वेळेवर मिळाली, की लोक ऐकतात. इंदूरची माणसं तर रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर लाखोंनी उभी राहतात, त्यांना गर्दीत कसं वागायचं हे कोणी शिकवायला नको. फक्त वाट कुठे आहे ते सांगा.

आजोबांना पेसमेकर आहे. मेटल डिटेक्टरचं काय?

कमानीतून नेहमीच्या चालीने गेलं तर सहसा काही होत नाही, तिथे थांबू मात्र नये. हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नका, पेसमेकरचं कार्ड दाखवून हाताने झडती घ्यायला सांगा. इन्सुलिन किंवा रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. लहान मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, आत नेटवर्क कोलमडतं.

गर्दी घट्ट होतेय असं वाटलं तर काय करायचं?

तुमच्या चारी बाजूंनी माणसं टेकली आणि आपली पावलं आपण ठरवेनाशी झाली, की धोका सुरू झाला. साधारणपणे एक मीटर लांब-रुंद जागेत पाचाहून जास्त माणसं आली की ही अवस्था येते. दोन्ही हात छातीपुढे घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहील. लोंढ्याच्या उलट जाऊ नका, तिरपे सरकत कडेला या. भिंतीला, जाळीला चिकटू नका. चप्पल सुटली तर सुटू द्या, फोन पडला तर पडू द्या, वाकू नका. ओरडून श्वास घालवण्यापेक्षा हात वर करून पोलिसाचं लक्ष वेधा. पडलातच तर कुशीवर वळून डोकं हातांनी झाका.

आम्ही जळगावहून येतो. निघताना कुठल्या बाजूने बाहेर पडावं?

ज्या गेटने आत आलात त्याच गेटने निघायचा हट्ट नको. ग्रीन गाइडनुसार सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं बाहेर पडतात, जिन्यावरून 66. तीस हजारांचं मैदान आठ मिनिटांत मोकळं व्हायचं तर सगळ्या दारांची मिळून जवळपास 46 मीटर मोकळी रुंदी हवी. दुचाक्या आणि भेळवाले दारापुढे उभे राहिले की तीच रुंदी निम्मी होते. म्हणून बसल्या बसल्या, दोन डावांच्या मधल्या वेळात, तुमच्या स्टँडचे दोन बाहेरचे रस्ते बघून ठेवा. बक्षीस समारंभ संपेपर्यंत दहा मिनिटं बसलात तर गर्दी आपोआप विरते. गाडी रेसकोर्स रोडवर लावू नका, पलासियाच्या पलीकडे लावून चालत या. जळगाव-भुसावळच्या बसची वेळ गाठायची असेल तर रिक्षा मैदानासमोर शोधू नका, एक चौराहा पुढे जा, तिथे ती मीटरने नाही तरी निदान माणुसकीच्या दरात मिळेल.